फोनवरची बाई

रविवार, १२ ऑक्टोबर

आज रविवार, म्हणून कंपनीला सुट्टी. कंपनी म्हणजे मी, माझा लॅपटॉप आणि घराच्या मागच्या अंगाची ही खोली. पुण्याची नोकरी सोडून दीड महिना होऊन गेला, हे आमच्या करडी गावात कुणालाच माहीत नाही. बाबांना नाही, आईला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बॅग घेऊन उतरले आणि म्हटलं, "कंपनीनं वर्क फ्रॉम होम देल्लं." बाबांनी तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला आणि दिवे लागायच्या आत अर्ध्या गावाला सांगून टाकला. आता मागं फिरायला जागा नाही.

सोमवार ते शनिवार बरं असतं. दहा वाजता दार लावून बसलं की कुणी हाक मारत नाही. रविवारी मात्र मी गावच्या मालकीची. सकाळी शेजारची सून आली, पोराला इंग्रजी शिकवशील का म्हणून. दुपारी गावातले धनंजय काका आले, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेच्या, कार्यक्रमात माईकवर बोलशील ना म्हणून. शाळेत मी भाषणात पहिली यायची, तेव्हापासून लोकांना माईक दिसला की मी आठवते. सगळ्यांना हसून हो म्हटलं. संध्याकाळी गाल खरोखर दुखत होते.

नोकरी का सोडली तेही लिहून टाकते, म्हणजे परत लिहायला नको. ऑनलाइन सामान विकणाऱ्या कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम होतं. कपाट तुटकं आलं, मिक्सर फिरत नाही, पैसे परत द्या. समोरचा आईबहिणीवरून बोलला तरी आपल्या आवाजात हसू पाहिजे, आणि ते हसू तपासायला वर एक मॅडम. खोलीवर आलं की मैत्रिणींचे ग्रुप, कुणाचा वाढदिवस, कुणाचा साखरपुडा, घरचा फोन. तिथंही तेच हसू. एका दुपारी फोन वाजला आणि माझ्या तोंडून "नमस्कार, मी गुंजन बोलते" निघालंच नाही. हेडफोन टेबलावर ठेवला, जिना उतरले, ती परत गेलेच नाही. घडलं काहीच नव्हतं. कुणी काही बोललंही नव्हतं. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

नुसतं दार लावून भागत नाही, आवाजही यायला हवा. खोलीला लागूनच सपरी, म्हणजे पडवी, आहे आणि आई हल्ली सूप घेऊन माझ्या भिंतीलाच पाठ टेकून बसते. काल निवडलेला तांदूळ आज परत निवडत होती. वय झालं तिचं, विसरते.

बाबांचं वेगळंच. आज धनंजय काकांना दारापर्यंत घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "आयक, कशी बोलते. पुन्याच्या लोकायले समजावून राहिली." मी आवाज वाढवला. म्हटलं, "सर, आपलं कपाट आम्ही बदलून देऊ, आपण निश्चिंत राहा." काका बाबांना म्हणाले, "टेकचंद, नशीब काढलं तू."

पण कपाटं तरी किती दिवस तुटणार? आज कंटाळून मी एक नवीन बाई काढली. तिला म्हटलं, "हो मॅडम, जेवण जात नाही, घास तोंडातच फिरतो, समजलं. हे कधीपासून होतंय?" मग थांबले, तिला बोलायला वेळ दिला. थांबल्यावर बरं वाटलं. आईनं ऐकलं तरी तिला काय कळतं, कंपनी कपाटं विकते की औषधं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज आईनं हसवलं. दुपारी ताटाऐवजी वाटीभर गरम पेज घेऊन आली. म्हणाली, "सकाळी जास्तीची झाली. पिऊन टाक." मी प्यायले. मग दारात उभी राहून विचारते, "ते बाई, जिले जेवन नाई जात म्हने, ते कोन्त्या गावची हाये?"

मी म्हटलं, "सोलापूरची."

"तिले म्हन, भरल्या ताटावर बसूच नोको. वाटीत घे, मीठ टाकून. पोटात गेलं म्हंजे झालं."

"सांगते," म्हटलं. बिचारी आई. सोलापूरच्या बाईला खरंच पेज पोचणार असल्यासारखी समाधानानं गेली.

शनिवार, १८ ऑक्टोबर

धनतेरस. आई मोहाडीला बाजाराला गेली होती. ऐन दुपारी परत आली तोवर मी ठरल्याप्रमाणे बोलत बसले होते. माझ्यासाठी ड्रेसचं कापड आणलं, हिरवं.

"रंग इचाराले फोन लावला तुले," म्हणाली. "लय खेपा लावला. बंद सांगे."

मी फोन विमान मोडवरच ठेवते. पुण्याहून आल्यापासून तसाच आहे. दिवसातून एकदा उघडते, मेसेजचा ढीग पाहते आणि परत बंद करते. लॅपटॉपला इंटरनेट त्याच फोनवरून मिळतं असं मीच घरी सांगून ठेवलंय. मी काही सांगायच्या आत आईच म्हणाली, "मीटिंगमधे असन तू."

"हो," म्हटलं, "मीटिंगच होती."

वाचले. आईला मोबाईलमधलं काही कळत नाही, ही देवाची कृपा.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. दिघोरीहून शकुन आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण; तिला नाही म्हणायची बाबांची छाती नाही, तर माझी कुठून असणार. ओवाळणं झालं आणि तिनं पिशवीतून करंज्या काढाव्यात तसं स्थळ काढलं. मुलगा कमलेश, तुमसरला राईस मिलमध्ये हिशेब पाहतो. घरची धानाची शेती.

"त्यायले नोकरीवाली पायजे," आत्या म्हणाली. "आन् घरी राहनारी बी पायजे. आपली गुंजन तर दोन्ही हाये. घरात बसून पगार घेते. अशी पोरगी दिवा घेऊन शोधली तरी भेटत नाई."

आमच्याकडे दिवाळी आटोपली की मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दंडार म्हणजे नाचगाण्यांचा खेळ, शिंगाड्यांचे ढीग, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. पोरगी पाहायची असली तर तेही याच गर्दीत उरकून घेतात. पाहुणे "मंडईले आलो" म्हणतात, चहा पितात, पोरगी पाहतात. पसंत नसेल तर "दंडार पाहून येतो" म्हणून उठतात आणि परत येत नाहीत. त्यात कुणाचं नाक कापलं जात नाही. आमच्या मंडईला कमलेशची मंडळी अशीच येणार आहेत.

आई पाटावर बसल्याबसल्या म्हणाली, "पोरीले इचारलं का?"

"इचाराचं का त्यात?" आत्या म्हणाली. "मंडई पाहाले तर येऊन राहिले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले. माझं हसणं म्हणजे होकार, हे लहानपणापासून ठरलेलं आहे. आता नसलेल्या नोकरीवर लग्नही ठरणार.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

हर्षाचा मेसेज. कॉलेजात आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. ती भंडाऱ्यालाच आहे, तासाभराचा रस्ता. लिहिलंय, "जिवंत आहेस का गं?" आणि पुढे हसणारी तोंडं.

"आहे" एवढंच लिहिलं. पाठवलं असतं तर तिनं लगेच फोन केला असता. खोडलं. मला कुणी नको असतं आणि कुणी नाही म्हणून रडूही येतं. याला काय म्हणतात मला माहीत नाही. फोन बंद केला.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

अवकाळी पाऊस. कापून पडलेलं धान भिजलं, बाबा दिवसभर वावरात. घरात मी आणि आई, मधे भिंत.

आज सोलापूरच्या बाईचा फोन फार लांबला. आता ती रोजच येते. तिच्याखेरीज मला दुसरं कुणी सुचत नाही. मी म्हणत होते, "मॅडम, माणसं दिसली की छातीत धडधडतं, मेसेज वाजला तरी धडधडतं, रात्री झोप लागत नाही. बरोबर? आणि हे सगळं लपवून तुम्ही सगळ्यांशी हसून बोलता." मग थांबले. मग म्हटलं, "तुम्ही घरी सांगून का नाही टाकत?" यावर ती बाई काही बोलली नाही. मीही बोलले नाही. बाहेर सुपाचा आवाजही थांबला होता, पण पावसात नीट ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी आई चुलीपाशी बसून विचारते, "त्या सोलापूरवालीनं घरच्यायले सांगतलं का?"

"नाही. घाबरते."

"कोनाले?"

"बापाले. त्याची गावात मान हाये."

"आन् माय नाई का तिले?"

"हाये. पन ती भोळी हाये. तिले काही कळत नाई, म्हन्ते."

आईनं भाकर उलटली. "मायले कळत नाई, असं म्हन्ते का ते?"

"हो."

"असन मंग तसंच," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. ओली लाकडं आहेत, धूर फार होतो.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आईबाबांचं वाजलं. आईनं म्हटलं, "अवंदा पाहुने कमी बोलवा. शकुनबाईच्या लोकायले पुढच्या साली येऊ द्या." बाबा तडकले. "मंडईले पाहुने कमी? लोक का म्हनतील? धान भिजलं म्हनून टेकचंदच्या घरी चहा बी नाई भेटत?" आई म्हणाली, "माह्या कंबरेत दुखते." बाबा म्हणाले, "मंग वडे शकुनबाई काढन."

आईच्या कंबरेचं तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नाही. मला वाटतं, तिलाही आता एवढ्या माणसांचं करणं झेपत नाही.

धनंजय काकांना आज कसंबसं सांगितलं, मंडईच्या दिवशी ऑफिस आहे, माईकवर येता येणार नाही. नाही म्हणायचं होतं, तेही ऑफिसच्या पदराआड लपून म्हटलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मंडई झाली. जे झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करते.

सकाळपासून गाव माणसांनी भरलं. आजूबाजूच्या गावांतून गाड्याच गाड्या. मी हिरवा ड्रेस घालून दहा वाजता खोलीत जाऊन बसले. ठरलं असं होतं की पाहुणे आले की आत्या हाक मारेल, मी "मीटिंगमधून" दहा मिनिटं बाहेर येईन, चहा देईन आणि परत आत. बाबांच्याच डोक्यातली युक्ती. पोरगी कामात किती गुंतलेली आहे ते पाहुण्यांना न सांगता कळलं पाहिजे.

आतून बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. बाबा म्हणाले, "फोनच लागून नाई राहिला त्यायचा, मी चौकातच जाऊन उभा राहतो." आत्या कुणाला तरी सांगत होती, शिंगाडेवाला नगदच मागून राहिला, मोबाईलवरचे पैसे जाऊनच नाही राहिले. मी हे ऐकत होते आणि मनात चहाच्या कपांचा विचार करत होते. माझा फोन नेहमीसारखा बंद, उशीखाली.

पाहुणे आले. सपरीत खुर्च्या सरकल्या. बाबांचा आवाज आला, "पोरगी आत हाये. मीटिंग चालू हाये तिची." ते ऐकलं आणि मी सुरू झाले. इतकं चांगलं मी पुण्यातही बोलले नसेन. थोडं इंग्रजी, थोडं हिंदी. "येस सर, आय अंडरस्टँड सर. आपका ऑर्डर मुझे स्क्रीनपर दिख रहा है. एक मिनट लाइनपर रहिए." मधेच छोटंसं हसू. माईकवर पहिली येणारी पोरगी होते मी, शेवटी.

बाहेर एकदम शांत झालं. मला वाटलं, भारावले.

मग एक अनोळखी आवाज आला. हळू, चांगला आवाज होता. "टावर तं सकाळपासून बंद हाये ना? मंडईची गर्दी झाली म्हंजे बंदच पडते. कोनाचाच फोन नाई लागून राहिला."

कमलेश होता. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

कानावर हेडफोन, समोर कुणी नाही. मंडईला टॉवर बंद पडतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दरवर्षी मंडईला एकच टॉवर आणि हजार माणसं, फोन लागत नाही म्हणून लोक एकमेकांना हाका मारत शोधतात. मी याच गावात वाढले.

तेवढ्यात आई बोलली. माझी आई, जिनं उसनी आणलेली वाटीभर साखर परत द्यायलासुद्धा कधी विसरल्याचं नाटक केलं नाही. ती म्हणाली, "तिच्या कंपनीचा टावर अलग हाये. मोहाडीवरून येते. आमाले बी नाई समजत."

कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कमलेशची आई म्हणाली, "आमी जरा दंडार पाहून येतो."

आत्या त्यांच्या मागं धावली. लाखोळीच्या डाळीचे वडे परातीत तसेच राहिले.

नंतर बाबा खोलीत आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. उशी उचलली, फोन उलटसुलट पाहिला आणि खाटेवर टाकला.

"खरं सांग. हाये का नोकरी?"

"सोडली."

"कवा?"

"पोळ्याच्या आधी."

"काहून? मारत होते का तिथं? पगार नोयता देत?"

मी मान हलवली. नाही.

"मंग काहून?"

आणि मला उत्तर देता आलं नाही. सगळं बोलता येणारी मी. बाबा वाट पाहत उभे राहिले, खरंच वाट पाहत होते, रागात नव्हते. मग म्हणाले, "फोनवर बोलाचं तं होतं फक्त," आणि नाटकाचा पडदा बांधायला निघून गेले. ते मंडईच्या कमिटीत आहेत.

बुधवार, ५ नोव्हेंबर

बाबा बोलत नाहीत. आत्या सकाळच्या गाडीनं दिघोरीला गेली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, त्यानं उलट जास्त वाईट वाटलं. रस्त्यावर पत्रावळी आणि शिंगाड्यांची टरफलं. गावात एव्हाना सगळ्यांना कळलं असेल.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. आई खोटं बोलली, पण ती बोलताना अडखळली नाही. ज्याला आत्ताच कळलं तो माणूस असा चटकन धावून येत नाही. मग पेज आठवली. मग मोहाडीहून केलेले फोन. मग धूर. मी ही वही उघडून मागची पानं वाचली आणि मला माझीच इतकी लाज वाटली की पुढचं वाचवेना. भोळी कोण, ते लिहायची गरज नाही.

आईला विचारायची हिंमत झाली नाही. ती ताटाऐवजी वाटी ठेवून गेली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सकाळी बाबा वावरात निघताना दारातून म्हणाले, "दहा वाजले. मीटिंग नाई का आज?" मला नाही, आईला म्हणाले. आई म्हणाली, "जा तुमी."

काय करावं ते कळेना म्हणून मी खोलीत जाऊन बसले. सवयीनं हेडफोन घातला. बाहेर सूप वाजायला लागलं. मी तोंड उघडलं, पण सोलापूरची बाई काही आली नाही. कशी येणार? इतके दिवस मी कुणी ऐकत नाही म्हणून बोलत होते. आता भिंतीपलीकडे ऐकणारं माणूस आहे हे माहीत असताना एक शब्द निघेना. पुण्यातल्या त्या दुपारसारखंच.

सूप थांबलं. या वेळी पाऊस नव्हता, स्वच्छ कळलं. ती वाट पाहत होती. हाक मारत नव्हती, दार वाजवत नव्हती, नुसती थांबली होती. मला वाटलं, ती आता उठून जाईल. मला ते नको होतं.

हेडफोन काढला आणि दार उघडलं. आई भिंतीला टेकून बसली होती, तोच तांदूळ मांडीवर. मी तिच्याजवळ खाली बसले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आवाजात हसू आणायचं राहून गेलं.

"आई, मले झोप नाई लागत."

तिनं वर पाहिलं नाही. तांदळातून एक खडा काढला आणि अंगणात टाकला.

"मले बी नाई लागत," म्हणाली, "तू पुन्यावरून आली तवापासून."